पुस्तकांच्या दुकानातली अभिवाचनं आणि शिफारस-चिठ्ठ्या: प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

जागा सदाशिव पेठेत, तळमजल्यावर, १४ बाय ३० फूट. तीन चतुर्थांश पुस्तकं मराठी, बाकी इंग्रजी. काउंटरवर दोघं, शनिवार-रविवारी तिसरा माणूस. काम दोन भागांत ठरलं. महिन्याला जमल्यास दोन अभिवाचनं, आणि नव्या पुस्तकांच्या टेबलावर दुकानातल्यांनी वाचून लिहिलेल्या चिठ्ठ्या. हाताशी ४०,००० रुपये. नोंदी त्या त्या दिवशी वहीत केलेल्या आहेत, इथे फक्त अक्षर सुधारलं आहे.

२ जून, सोमवार

मापं घेतली. दुकानाच्या मधोमध पाठीला पाठ लावून दोन रॅक आहेत, ती हलली तर १२ बाय १३ फूट मोकळे होतात. माणशी साडेचार चौरस फूट धरले (खुर्ची, पाय आणि एका बाजूने जायला वाट) तर ३४ माणसं बसतात. कागदावर ४५ बसत होती, पण खुर्च्या मांडून पाहिल्यावर वाटच उरेना. दारापर्यंत तीन फुटांची वाट मोकळी ठेवायचीच, कितीही गर्दी झाली तरी.

ठरलं: दोन्ही रॅकना चाकं.

५ जून

५० मिलिमीटरची नायलॉनची चाकं आणली, ९० रुपयांना एक, आठ नग. प्रत्येकावर ३० किलो क्षमता छापलेली. रॅकचा हिशेब असा: डेमी आकाराची (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) पुस्तकं फुटाला साधारण २०, एकाचं वजन सरासरी ३०० ग्रॅम, म्हणजे फुटाला ६ किलो. तीन फुटी पाच फळ्या म्हणजे १५ फूट, ९० किलो. रॅकचं स्वतःचं वजन ३५. एकूण १२५. चार चाकांची क्षमता १२०. पाच किलोंनी काय होतं, असं म्हणून बसवली.

११ जून

काय होतं ते कळलं. जमीन शहाबादी फरशीची, सांधे वरखाली. फरशी सपाट नसली की चौथं चाक अधांतरी राहतं आणि सगळं वजन तिघांवर येतं. दुसऱ्या रॅकचं एक चाक वाकलं, दुसऱ्याचे स्क्रू प्लायच्या कडेतून उपटून आले. १९ मिलिमीटरच्या प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थरांच्या मध्ये शिरतो आणि थर फाकतात.

दुरुस्ती: रॅकखाली २ बाय १ इंची साल वृक्षाच्या लाकडाची चौकट, तिला खालून ७५ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन) चाकं, ७० किलो क्षमतेची, २८० रुपयांना एक. पुढच्या दोन चाकांना ब्रेक. तीन चाकांवर हिशेब केला तरी २१० किलो झेलतात. चाकांचे २,२४०, चौकट आणि सुताराची मजुरी १,८००. पहिल्या चाकांचे ७२० पाण्यात. रॅक आता पुस्तकांसकट एक माणूस ढकलतो, पण खालच्या दोन फळ्यांवर जाड पुस्तकं ठेवावी लागतात. वर शब्दकोश ठेवले की रॅक सांध्यावर डुलतो.

१६ जून

पहिलं अभिवाचन शनिवार, २१ जूनला ठरवून ४० भित्तिपत्रकं छापून झाली होती. २० तारखेला दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि २१ ला मुक्काम. पेठांतले रस्ते बंद, रिक्षा येणार नाही, लेखिका येणार नाही, प्रेक्षक तर नाहीच. कॅलेंडरमध्ये शनिवार पाहिला, त्याखालची बारीक अक्षरं पाहिली नाहीत. पुण्यात दुकान चालवणाऱ्याला ही चूक शोभत नाही. तारीख २८ वर. ७२० रुपयांची पत्रकं गेली, त्यांच्या पाठकोऱ्या बाजू पुढे चिठ्ठ्यांच्या कच्च्या खर्ड्यांना वापरल्या.

तारीख पक्की करायच्या आधी बघायची यादी भिंतीवर लावली: पालखी, दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि साहित्यातले तीनचार मोठे समारंभ. गुरुवार नकोच, पाणी बंद असतं आणि विजेचीही दुरुस्ती निघते.

२८ जून, शनिवार. अभिवाचन १ (कादंबरी)

वेळ साडेसहा. सुरुवात सहा पन्नासला. २७ माणसं. मांडववाल्याकडून ३५ खुर्च्या, १२ रुपयांना एक, ने-आण ३००, एकूण ७२०.

प्रास्ताविक ८ मिनिटं, शाल-श्रीफळ ५, पाहुण्यांचा परिचय ९, मग वाचन. लेखिकेने दहा मिनिटं वाचणार असं सांगितलं होतं, ३१ मिनिटं वाचलं. चूक त्यांची नाही. मराठी गद्य जरा रमून वाचलं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, आणि डेमीच्या भरलेल्या पानावर २७०-२८० शब्द असतात. पानाला सुमारे अडीच मिनिटं. त्यांनी बारा पानांवर खुणा केल्या होत्या, त्यामुळे अर्धा तास व्हायचाच होता. लेखकाला मिनिटं विचारू नयेत, पानं सांगावीत. पुढच्या वेळेपासून «आठ पानं, तीन तुकड्यांत» एवढंच कळवायचं.

माईक नव्हता. चार पंखे सुरू. मागच्या दोन ओळींना शेवटचे शब्द ऐकू येत नव्हते, आणि एका काकांनी ते तीनदा सांगितलंही.

प्रती ५० मागवल्या होत्या. विकल्या ९.

२ जुलै

सगळ्यात महागडी चूक. कार्यक्रमाआधी लेखिका लवकर आल्या, मोकळा वेळ होता म्हणून त्यांच्याकडून २५ प्रतींवर सह्या करून घेतल्या. विकल्या गेलेल्या नऊही सहीच्या. उरलेल्या ४१ पैकी १६ सहीच्या. माल विक्री-परत तत्त्वावर आणलेला, पण सही केलेली प्रत प्रकाशक परत घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्या दृष्टीने ते वापरलेलं पुस्तक. ३२० रुपये किंमत, ३५ टक्के कमिशन, म्हणजे प्रतीला २०८. १६ प्रतींचे ३,३२८ रुपये दुकानाच्या अंगावर.

आता नियम: विकत घेऊन पावती हातात असलेल्या माणसाच्याच प्रतीवर सही. बाहेरगावच्या आगाऊ मागण्या असतील तर तेवढ्याच जास्तीच्या. डिलिव्हरी चलनावर «परतीची मुदत ४५ दिवस» असं हाताने लिहून घ्यायचं, तोंडी ठरलेलं दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

सहीबद्दल आणखी दोन गोष्टी. रंगीत अस्तरपानावर सही घेऊ नये, शाई पसरते; अर्धशीर्षकाच्या पानावर (आत सुरुवातीला नुसतं पुस्तकाचं नाव असतं ते) घ्यावी. आणि जेल पेन आर्ट पेपरवर पुसलं जातं, मिटलेल्या पुस्तकात समोरच्या पानावर उलटी सही उमटते. साधं बॉलपेन ठेवावं. नावं आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. «स्मिती»तला शेवटचा «ती» दीर्घ की ऱ्हस्व, हे लेखकाने रांगेत विचारत बसलं तर माणशी दीड मिनिट जातं.

७ जुलै. चिठ्ठ्या, पहिली खेप

टेबलावर ४२ पुस्तकं, प्रत्येकावर चिठ्ठी. ६ बाय ४ इंच, चकचकीत लॅमिनेशन. मजकूर मलपृष्ठावरून उचललेला.

१२ जुलै, शनिवार. अभिवाचन २ (कविता)

स्पीकर आणि माईक भाड्याने, ८०० रुपये. वाचन सुरू झालं आणि शिट्टी. स्पीकर कवीच्या मागे रॅकवर ठेवला होता, म्हणजे स्पीकरचा आवाज थेट माईकमध्ये शिरत होता. आवाज कमी केला तर मागे ऐकू येईना, वाढवला तर शिट्टी. स्पीकर माईकच्या पुढे, कवीच्या डाव्या हाताला सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणल्यावर थांबली. नंतर कवींनी सवयीने माईकची जाळी मुठीत धरली, पुन्हा शिट्टी. जाळी झाकली की माईक सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतो. स्टँड लागणारच.

वरून पंख्याचा वारा माईकवर येत होता, दर शब्दामागे «फर्र». बोलणाऱ्याच्या डोक्यावरचा एकच पंखा बंद करून माईकला स्पंजची टोपी घातली तर पुरतं. सगळे पंखे बंद करू नयेत. जुलैत ३० माणसं बंद खोलीत बसली की पंधराव्या मिनिटाला लोक कवितेपेक्षा घड्याळ पाहतात.

तुकडे मोठ्या अक्षरात छापायचे म्हणून प्रकाशकाकडून मजकूर मागवला होता. आला श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. आमच्या संगणकावर त्याची नुसती खिचडी दिसली. दोन तास ते युनिकोडमध्ये आणण्यात गेले, तरी रफार आणि अर्धा र जागा सोडून बसले. कवींच्या हातात शेवटी पुस्तकच दिलं. मजकूर मागताना «पीडीएफ पाठवा» एवढं म्हटलं की प्रश्न मिटतो. छापताना १६ पॉइंट, कागदाच्या एकाच बाजूला, स्टेपल न करता. स्टेपल केलेली पानं उलटताना माईकमध्ये भजी तळल्यासारखा आवाज येतो.

माणसं २९, विक्री ७. दुकानात हा संग्रह कुणी पूर्ण वाचला नव्हता. प्रश्नोत्तरांत सूत्रसंचालकाने «आपल्या लेखनप्रक्रियेविषयी सांगा» विचारलं आणि कवींनी ते इतक्या वेळा सांगितलेलं होतं की त्यांनाच कंटाळा आला.

२१ जुलै

चिठ्ठ्यांचा पंधरा दिवसांचा हिशेब. मोजायची पद्धत: टेबलावरच्या प्रत्येक प्रतीत पिवळी पट्टी, वर अर्धा इंच दिसेल अशी. विक्रीच्या वेळी पट्टी काढून काउंटरखालच्या डब्यात. मराठीतल्या बऱ्याच पुस्तकांवर बारकोड नसतो किंवा दोन आवृत्त्यांवर एकच असतो, त्यामुळे संगणकापेक्षा हा डबा खरा.

४२ चिठ्ठ्या, पट्ट्या ११. चिठ्ठ्या लावायच्या आधीच्या पंधरा दिवसांत त्याच टेबलावरून दहा गेली होती. म्हणजे काहीच झालं नाही. कारणं उघड होती. ६ बाय ४ ची चिठ्ठी शेजारच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ झाकते. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, उभ्याने वाचता येत नाही. आणि मलपृष्ठावरचाच मजकूर पुढे लावला तर लोक पुस्तक उलटं करून तोच परत का वाचतील?

दुसरी खेप: ९ बाय ६.५ सेंटिमीटर, ३०० जीएसएमचा साधा कार्ड कागद, हाताने लिहिलेली. ३५ शब्दांची मर्यादा. चार गोष्टी सक्तीच्या: कोणी वाचलं (पहिलं नाव), कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही, आणि कोणतं पान उघडून बघावं. बंदी घातलेले शब्द: अप्रतिम, वाचनीय, संग्राह्य, खिळवून ठेवणारं, आजच्या काळाशी नातं सांगणारं. पूर्ण न वाचलेल्या पुस्तकावर चिठ्ठी नाही. त्यामुळे ४२ च्या जागी ९ उरल्या.

«पान ४१ उघडा» लिहायचं तर प्रत उघडता आली पाहिजे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुस्तकाची एक प्रत फोडून तिच्यावर «चाळण्याची प्रत» असा शिक्का. तिचा खर्च दुकानाचा. दोन प्रकाशकांनी मागितल्यावर दिली, बाकीच्यांना विचारायला हरकत नाही.

२७ जुलै, रविवार. अभिवाचन ३ (प्रवासवर्णन)

सकाळी अकरा. शनिवार संध्याकाळपेक्षा कितीतरी बरं: रस्ता शांत, लोक नाश्ता करून आलेले, आणि साडेबाराला सगळ्यांना जेवायला घरी जायचं असतं म्हणून कार्यक्रम आपोआप संपतो.

पहिल्या फटक्याने घाबरून प्रती फक्त १२ मागवल्या. ३६ माणसं आली. १२ प्रती वीस मिनिटांत संपल्या, मागे ८-१० जण उभे. अप्पा बळवंत चौकातून आणावं म्हटलं तर रविवार, घाऊक दुकानं बंद. नावं-नंबर लिहून घेतले, सही केलेल्या कोऱ्या चिकटपट्ट्या लेखकाकडून घेऊन ठेवल्या, पुढच्या आठवड्यात प्रतींवर लावून दिल्या. दहापैकी सहा जण आले. चिकटपट्टीची सही म्हणजे सहीच नव्हे असं एका काकूंनी सुनावलं, पण पुस्तक घेतलं.

तीन कार्यक्रमांवरून अंदाज: अपेक्षित माणसांच्या निम्म्या प्रती. विक्री-परत असेल तर आणखी पाच.

अजून एक गोष्ट लक्षात आली. आमच्या रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग आहे. २८ जून आणि १२ जुलै सम, गाड्यांची रांग आमच्या बाजूला, दारासमोर रिक्षा थांबायला जागा नाही. आज विषम; दोन आजी थेट दारात उतरल्या. येणाऱ्यांत साठीच्या पुढचे निम्मे असतात. इथून पुढे कार्यक्रम विषम तारखेलाच.

३ ऑगस्ट, रविवार. अभिवाचन ४

शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार सगळं काढलं. लेखकाला दुकानातलं ४०० रुपयांपर्यंतचं त्यांच्या आवडीचं एक पुस्तक. या काटछाटीने २५ मिनिटांची बचत झाली. एका ज्येष्ठांनी «सत्कार नाही का?» असं विचारलं, बाकी कुणाला काही चुकल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही.

खुर्च्यांचं भाडं तीनदा मिळून २,१६० झालं होतं. विकत घेतल्या: पाठ असलेल्या १२ खुर्च्या, ८५० ला एक, एकावर एक बसणारी प्लास्टिकची २० स्टुलं, ३४० ला एक. एकूण १७,०००. सगळी स्टुलं घ्यायचा मोह होता, पैसे सुमारे दोन तृतीयांशच लागले असते. पण स्टुलावर चाळीस मिनिटांनंतर माणूस चुळबुळ करायला लागतो. पाठीच्या खुर्च्या पुढे, स्टुलं मागे, तरुण पोरं सतरंजीवर. स्टुलं रचून ठेवायला दोन चौरस फूट पुरतात.

माणसं ३१, विक्री १०. स्पीकर विकतचा, एका माईकसकट ६,५००, स्टँड ७५०. कॉलर माईक वापरून पाहिला: खादीच्या कुर्त्यावर घासतो, साडीच्या पदराखाली जातो. परत केला.

११ ऑगस्ट

टेबलावरच्या वरच्या प्रतींची मुखपृष्ठं धनुष्यासारखी वाकली. मुखपृष्ठाच्या बाहेरच्या बाजूला लॅमिनेशन असतं, आतला कागद उघडा. आतली बाजू दमट हवा पिऊन फुगते, बाहेरची ताणत नाही, म्हणून कव्हर उलटं वळतं. ग्राहकाला वाटतं जुनी प्रत. उपाय एवढाच: वरची प्रत रोज रात्री बदलायची, गठ्ठ्यावर पाटी आणि वजन ठेवायचं, टेबल दारापासून आठ फूट आत. दाराशी छत्र्यांसाठी बादली. ती नव्हती तेव्हा छत्र्या रॅकच्या कडेला टेकवल्या जायच्या आणि खालच्या फळीवरची सहा पुस्तकं भिजली.

१४ ऑगस्ट

व्हॉट्सॲपवर २४० जणांची ब्रॉडकास्ट यादी केली होती. रविवारी विचारल्यावर कळलं की आलेल्यांपैकी निम्म्यांना निरोपच मिळाला नव्हता. ब्रॉडकास्टचा निरोप ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यालाच पोचतो, बाकीच्यांना जातच नाही, आणि आपल्याला काही कळत नाही. यादीची मर्यादाही २५६. आता काउंटरवर क्यूआर, आणि शेजारी पाटी: «नंबर साठवल्याशिवाय आमंत्रण येणार नाही. नंतर तक्रार चालणार नाही.» पुण्यात अशी पाटी लोक आवर्जून वाचतात, आठवड्यात ६० जणांनी नंबर साठवला.

दहीहंडी १६ ला, २७ पासून गणपती. तोवर कार्यक्रम नाही. चिठ्ठ्या वाढवायच्या.

२५ ऑगस्ट

चिठ्ठ्यांची दुसरी खेप, पाच आठवडे. चिठ्ठ्या ९ वरून १४ झाल्या. पट्ट्या ७१. सगळ्यात जास्त गेलेल्या पुस्तकावरची चिठ्ठी अशी: «पहिली तीस पानं संथ आहेत, सोडू नका. शेतीचं अर्थकारण कळत नाही म्हणणाऱ्यांसाठी. गोष्ट हवी असेल तर हे घेऊ नका. पान ८८ वरचा बाजारसमितीतला दिवस वाचून बघा.» पाच आठवड्यांत या एका पुस्तकाच्या १९ प्रती गेल्या, कार्यक्रम न करता.

«कोणाला आवडणार नाही» हा रकाना लिहिताना सगळे कचरतात. पण ग्राहक चिठ्ठीवर विश्वास ठेवतो तो त्याच ओळीमुळे. एका लेखकाने स्वतःच्या पुस्तकावरची ती ओळ खोडायला सांगितली. खोडली नाही, चिठ्ठीच काढली.

१४ च्या वर जाऊ नये. एक माणूस महिन्याला नीट वाचतो ती चार, फार तर पाच पुस्तकं, त्यातली दोन चिठ्ठीला लायक निघतात. चिठ्ठीमागे तारीख; ४५ दिवसांनी उतरवायची, पुस्तक कितीही लाडकं असलं तरी. पश्चिमेच्या खिडकीजवळची शाई तीन आठवड्यांत उडाली, तिथे पेन्सिलने लिहिलेली टिकते.

१३ सप्टेंबर, शनिवार. अभिवाचन ५ (कथासंग्रह)

पितृपक्षात नव्या पुस्तकांची प्रकाशनं सहसा होत नाहीत, म्हणून लेखक मोकळे असतात आणि सभागृहांशी स्पर्धा नसते. दोघांनी तारीख नाकारली, तिसऱ्यांना काही अडचण नव्हती.

या वेळी उलट्या क्रमाने काम केलं. आधी दुकानातल्या दोघांनी पुस्तक वाचलं, २६ ऑगस्टला चिठ्ठी लागली, आणि जिने चिठ्ठी लिहिली तिनेच मुलाखत घेतली. बाहेरचा सूत्रसंचालक नाही. पहिला प्रश्न पान ६३ वरच्या एका वाक्याबद्दल होता, लेखक पुढे सरकून बसले.

कार्यक्रमाआधी ६ प्रती गेल्या, त्या दिवशी १५. माणसं ३३.

प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठीवर. आधीच्या कार्यक्रमांत हातात माईक दिला की प्रश्नाऐवजी भाषण यायचं, एकदा सात मिनिटांचं. आता प्रत्येक खुर्चीवर ४ बाय ३ इंची कागद आणि पेन्सिल. १४ चिठ्ठ्या आल्या, सहा विचारल्या. ज्यांना भाषण करायचं होतं त्यांनी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरून काढल्या.

वरच्या मजल्यावर राहती घरं आहेत, म्हणून फोनच्या मापकाने आवाज पाहिला. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. अर्धं शटर ओढल्यावर बाहेर आमच्या स्पीकरचा आवाज वेगळा ओळखूच येत नव्हता, रस्त्याचाच ७० च्या पुढे होता. शटर पूर्ण ओढायचं नाही, बाहेर पडायची तीच एक वाट आहे.

२७ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर. अभिवाचनं ६ आणि ७

त्याच पद्धतीने. विक्री १३ आणि ११. सातव्याला लेखिका नाशिकहून आल्या, येण्या-जाण्याचे १,४०० दिले. मानधन देता येत नसेल तर निदान प्रवासखर्च आधी सांगून द्यावा. कार्यक्रमानंतर विचारणं दोघांनाही अवघड जातं.

१३ सप्टेंबरच्या कथासंग्रहाच्या नंतरच्या तीन आठवड्यांत आणखी ११ प्रती गेल्या. चिठ्ठी तशीच होती, फक्त खाली «लेखक १३ ला इथे येऊन गेले» एवढं वाढवलं. जुलैतल्या कवितासंग्रहाची कार्यक्रमानंतर एकच प्रत गेली होती.

८ ऑक्टोबर

दिवाळी अंक आले, नव्या पुस्तकांचं टेबल त्यांना द्यावं लागलं. अंकांची परतीची मुदत पुस्तकांपेक्षा फार कमी, दिवाळी झाली की मागणी बसते, त्यामुळे त्यांना जागा पुढेच हवी. चिठ्ठ्या रॅकवर हलवल्या. पट्ट्या आठवड्याला १७ वरून ८ वर आल्या. उभ्या रॅकवर पुस्तकाचा कणा दिसतो, मुखपृष्ठ दिसत नाही. चिठ्ठीचं पुस्तक तरी तोंड पुढे करून ठेवावं, तीन पुस्तकांची जागा गेली तरी चालेल.

९ नोव्हेंबर, रविवार. अभिवाचन ८

३८ माणसं, चौघं उभी. १७ प्रती, २४ मागवल्या होत्या. चार फुटांवरच्या आरशासारख्या काचेच्या कपाटावरून आवाज परत येत होता, त्यावर चादर टाकली.

सातारा आणि कोल्हापूरच्या पाच जणांना सहीच्या प्रती हव्या होत्या, पैसे आधी आले. ज्ञान पोस्टने पाठवल्या. ही सेवा टपाल खात्याने १ मे २०२५ ला सुरू केली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा मूळ दर, शिवाय माग काढता येतो. आत दुकानाचं जाहिरातपत्रक घालू नये, जाहिरातीचा मजकूर त्यात बसत नाही. ३०० ग्रॅमचं पुस्तक पुठ्ठ्यात बांधलं की ३४० होतं आणि पुढच्या टप्प्यात जातं. पातळ पुठ्ठा आणि कोपऱ्यांना दुहेरी कागद एवढंच पुरे. पाचपैकी एका प्रतीचा कोपरा दुमडला, ती बदलून दिली. बदलून आलेली सहीची, म्हणजे ती पुन्हा आमच्याच गळ्यात.

२३ नोव्हेंबर, रविवार. अभिवाचन ९

२८ माणसं, १४ प्रती. थंडीत सकाळचे अकरा फार लवकर होत नाहीत. चहा अमृततुल्यमधून थर्मासात आणतो, तो कार्यक्रमानंतर द्यावा. आधी दिला की कप खुर्चीखाली ठेवले जातात आणि टाळ्यांच्या वेळी लवंडतात.

३० नोव्हेंबर. हिशेब

चाकं आणि चौकट ४,७६०. वाया गेलेली पत्रकं ७२०. भाड्याचा स्पीकर ८००. विकतचा स्पीकर आणि स्टँड ७,२५०. खुर्च्या-स्टुलं १७,०००. भाड्याच्या खुर्च्या २,१६०. अडकलेल्या सहीच्या प्रती ३,३२८ (त्यातल्या ५ नंतर गेल्या). चहा नऊ वेळा ३,६००. छपाई, कार्ड, पेन्सिली १,१४०. प्रवास १,४००. एकूण ४२,१५८.

नऊ कार्यक्रमांच्या दिवशी मिळून १०८ प्रती. सरासरी ३०० रुपये किंमत, ३५ टक्के कमिशनमधून ग्राहकाला १० टक्के सूट, हातात २५ टक्के, म्हणजे प्रतीला ७५. एकूण ८,१००. नुसत्या त्या दिवसांच्या विक्रीवर चहा आणि भाडं निघतं, खुर्च्या नाही.

जुलैअखेरपासून डब्यातल्या पट्ट्या ३१२, म्हणजे २३,४००. यातली काही पुस्तकं चिठ्ठी नसती तरी गेली असती, किती ते पट्टीवरून कळत नाही. या टेबलाचा पंधरवड्याचा जुना आकडा दहा होता, तेवढी वजावट मनात धरून वाचावं.

डिसेंबरात कार्यक्रम नाही, फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव असतो आणि सगळे तिकडेच असतात. जानेवारीच्या दोन पुस्तकांच्या प्रती वाचायला दिल्या आहेत. एक शंभर पानांवर बाजूला पडलं, त्या लेखकाला तारीख अजून कळवलेली नाही. दुसऱ्या रॅकचं मागचं डावं चाक पुन्हा करकरतंय, सुताराला गुरुवारी बोलावलं आहे.